पार्वताबाईचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, कडीचा, घट्ट झाकणाचा. अकोल्याच्या जठारपेठेत महादेवरावांच्या स्वयंपाकघरात खालच्या फळीवर मी बसलेला असतो. बुडाला एक पोचा आहे, तो सायकलवरून पडल्याचा. तेवढा सोडला तर मी अजून धडधाकट आहे. हे आधीच सांगतो, कारण जुनं भांडं दिसलं की लोक लगेच हळहळायला लागतात, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

कुठल्या कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं, ते मला ठाऊक नाही. माझा खरा जन्म भांड्यांच्या दुकानात झाला. पार्वताबाईने घरातली जुनी पितळी भांडी मोडीत देऊन मला घेतलं. नव्या भांड्यावर तेव्हा नाव टाकून देत. दुकानदाराने यंत्र हातात घेतलं आणि सवयीने महादेवरावांकडे पाहून विचारलं, "नाव काय टाकू?" महादेवराव तोंड उघडणार तोच पार्वताबाई म्हणाली, "भांडं बाईचं असते, भाऊ. नाव माहं टाका."

यंत्र टर्र टर्र करत माझ्या पोटावर फिरलं. गुदगुल्या झाल्या आणि दुखलंही. 'पार्वताबाइ' असं त्याने कोरलं, शेवटची ई ऱ्हस्व. महादेवरावांना मी अहोजाहो करतो आणि तिला करत नाही, त्याचं कारण हेच. तिचं नाव माझ्या अंगावर आहे, तेवढा हक्क मला आहे.

महादेवराव कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. गावाकडची काळी जमीन भाऊ कसत होता, हे इकडे नोकरी करत होते. माणूस मनाचा चांगला, पण जिभेचे फार लाड. सांजच्याला काम सुटलं की मला सायकलच्या हँडलला अडकवायचं आणि निघायचं. कुठे नवीन खानावळ निघाली, कुठे आलूबोंड्यावर तर्री झणझणीत मिळते, कुठल्या बारमध्ये अंडा मसाला चांगला करतात, याची त्यांना खडान्‌खडा माहिती. गर्दीच्या गल्लीत सायकल हातात धरून ते पायीच हिंडत. मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरात शिरलं की वासावरूनच मला कळायचं की आता डावीकडे वळणार. स्वतः दोस्तांबरोबर बसून खायचं, एखादा पेला रिचवायचा, आणि उठताना मला भरून घ्यायचं. कारण घरी पार्वताबाई होती, आणि बायांनी हॉटेलात जाऊन बसायचं नाही असा तिच्या सासूचा दंडक होता.

सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे जुन्या शहरातलं नत्थुजींचं हॉटेल. तिथली पाटोडी, म्हणजे बेसनाच्या वड्या आणि त्यावर लालभडक रस्सा. मला गल्ल्याजवळ ठेवलं की नत्थुजी माझ्या पोटावरचं नाव वाचून आत ओरडत, "पार्वताबाईचा डबा आला रे! रस्सा जास्तीचा टाक!" सगळ्या हॉटेलांत असंच. आचारी, वाढपी, बारचा मॅनेजर, सगळ्यांना पार्वताबाई हे नाव पाठ. तिचं तोंड मात्र एकानेही पाहिलं नव्हतं.

घरी ती माझं झाकण उघडायची आणि आधी वास घ्यायची. रस्सा वाफाळता असला तर जवळचा, जठारपेठेतला. गार झालेला असला तर नदीपलीकडचा. मग जेवता जेवता तिचे प्रश्न सुरू होत. "बसाले खुर्च्या हाय का बाकडे? पंखा हाय का? ताटात देते का पत्रावळीवर?" महादेवराव घास घेता घेता काहीतरी सांगत. त्या तुटक उत्तरांवरून तिने मनात आख्खं गाव मांडलं होतं. शेजारच्या बायांना ती नदीपलीकडची हॉटेलं अशी समजावून सांगे की त्या विचारत, "तू कधी गेलती व?" मग ती उठून चहा ठेवायला जाई.

सासू वारली तेव्हा तिने एकदा विचारलंच. नत्थुजींचा रस्सा समोर होता. "तिथी बाया येत असतीन का हो?"

"कुठच्या बाया?" महादेवराव म्हणाले. "सारा मानसायचा बजार हाय तो. एक बाई दिसत नाई."

मित्रांनो, मी तिथेच ताटाशेजारी होतो. नत्थुजींच्या हॉटेलात उजव्या हाताला निळा पडदा होता आणि पडद्यामागे फॅमिली रूम होती. तिथून बायांचं हसणं, पोरांची रडारड, बांगड्यांचा आवाज मी कितीदा ऐकला होता. एकदा तर एक नवी नवरी मिरची लागून उचक्या देत बाहेर आली होती आणि महादेवरावांनीच तिला पाण्याचा पेला दिला होता. पण डब्याला तोंड असतं ते भरायला. बोलायला नसतं. पार्वताबाईने मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

वर्षं गेली. सायकलची स्कूटर झाली. गावाचं रूप बदललं, उड्डाणपूल झाला. खानावळी मिटल्या, तिथे काळ्या काचांचे बार आले. बारच्या बाजूला बिर्याणी आली. मग जठारपेठेत पिवळ्या दिव्यांची कॅफे निघाली, तिथे पोरंपोरी एक कॉफी घेऊन तास तास बसतात. प्लास्टिकचे डबे आले आणि माझी गरज सरली. पुढे तर मोबाईलवर बोट दाबलं की जेवण दारात यायला लागलं. घरात मला आधी तांदूळ मिळाले, मग कबुतरांची ज्वारी, आणि शेवटी माझ्यात कपडे धुण्याची पावडर भरली. ज्या पोटात नत्थुजींचा रस्सा राहिला, त्या पोटात साबण! मी किती चडफडलो असेन, याची कल्पना तुम्हीच करा.

गेल्या हिवाळ्यात महादेवराव आजारी पडले. गुडघे आधीच गेले होते, आता भूकही गेली. घरातल्या घरात भिंतीला धरून चालायचे. ताट पुढे आलं की बाजूला सारत. एके दिवशी म्हणाले, "नत्थुजीची पाटोडी भेटली असती तर दोन घास गेले असते."

नात आकांक्षा अमरावतीला कॉलेजात शिकते. तिने फोनवर शोधलं, पण ते हॉटेल मोबाईलवर नव्हतं. "आजी, मी रविवारी येते, मग आणते," ती म्हणाली.

पार्वताबाईने फोन ठेवला. फळीवरून मला काढलं, पावडर पिशवीत ओतली, मला चिंचेने घासलं, तीनदा विसळलं, नाकाशी धरून वास घेतला. साडी बदलली. "मी आनतो जाऊन," ती नवऱ्याला म्हणाली. आमच्याकडे बायाही असंच बोलतात.

महादेवराव उठून बसले. "तुले सापडनार नाई ते."

"डब्याले ठाऊक हाय," ती म्हणाली आणि चप्पल घालून निघाली.

ऑटो मिळत असून ती पायी चालली. मला तिने पिशवीत नाही घातलं, हातात धरलं. वाटेत ती थांबून थांबून पाहत होती. एका कॅफेच्या काचेसमोर उभी राहून म्हणाली, "इथी तर्रीवाला होता म्हनत." मोठ्या दवाखान्यासमोर म्हणाली, "अन इथी ते अंड्यायचं." ऐकून ऐकून पाठ केलेलं गाव ती शोधत होती, आणि त्यातलं निम्मं उरलं नव्हतं. पुलावर तिला धाप लागली. पण चेहऱ्यावर अशी खुशी होती की मी इतक्या वर्षांत ती पाहिली नव्हती.

नत्थुजींच्या हॉटेलावर आता 'बार अँड रेस्टॉरंट' अशी लाल पाटी होती. दाराला काळी काच. पायरीवर दोन माणसं विडी ओढत बसली होती. त्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती दारापाशी घुटमळली. मला वाटलं, आता परत फिरते. पण तिने मला छातीशी धरलं आणि खांद्याने दार ढकललं.

आत गल्ल्यावर नत्थुजी होते, पार म्हातारे, कानात यंत्र. तिने मला समोर ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, माझ्या पोटावरचं नाव बोटाने चाचपलं आणि एकदम ओरडले, "अरे, पार्वताबाईचा डबा!" मग मान वर करून हळूच म्हणाले, "म्हंजे... तुमीच का वहिनी?"

ती लाजली. हो म्हणाली. नत्थुजी गल्ल्याबाहेर आले, हात जोडले. "बसा बसा, अशा उभ्या काहून? वरत फॅमिली रूम हाय, चाला."

"फॅमिली रूम कधी केली?" तिने सहज विचारलं.

"पह्यलेपासून हाय नं! आधी खालीच होती, या बाजूले. पडदे माह्या घरच्या बाईनं शिवले होते. बारचं लायसन घेतलं तवा वरत नेली. महादेवरावले किती डाव म्हनलं म्या, एखाद्या रोज वहिनीले आना. ते हसत निस्ते."

पार्वताबाई हसतच होती. ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. "आज नाई बसत," ती म्हणाली. "त्यायले बरं नाई. भरून द्या."

परतीच्या वाटेवर तिने इकडेतिकडे पाहिलं नाही. पुलाच्या मध्यावर ती थांबली, कठड्यावर मला ठेवलं आणि माझं झाकण काढलं. खाली मोर्णेच्या पाण्यावर जलकुंभीचा हिरवा थर माजला होता. गरम रस्सा माझ्यात डचमळत होता, आणि मला खात्री वाटली की आता ती मला उपडा करते. बराच वेळ तिने रस्स्याकडे पाहिलं. मग झाकण लावलं, तळहाताने दाबून घट्ट बसवलं, आणि आम्ही घरी आलो.

महादेवराव आवडीने जेवले. दुसरी भाकर मागितली. ती समोर बसून होती, स्वतः जेवली नाही. त्यांचं खाऊन झालं, हात धुवून झाले, तेव्हा म्हणाली, "तिथी बायायले बसाची सोय पह्यलेपासून होती म्हने."

महादेवराव टॉवेलाला हात पुसत राहिले. पुसून झाले तरी पुसत राहिले.

"मले खोटं काहून सांगतलं?"

"दोस्त चिडवत," ते शेवटी म्हणाले. "बायकोचा पदर धरून फिरते म्हनत एकेकाले. म्हनून बोलून गेलो. मंग तेच पक्कं झालं. अन डबा तर आनतच होतो नं तुह्यासाठी? कधी ईसरलो का?"

"नाई ईसरले," पार्वताबाई म्हणाली. "डबा आनला म्हनूनच मले जाता नाई आलं. मले बी न्या, असं म्हनाले तोंडच ठेवलं नाई तुमी मले."

तिने मला उचलून मोरीत ठेवलं, जरा जोरानेच. मला फार लागलं, पोचा पडला तेव्हापेक्षाही. मी काय पाप केलं होतं? एक थेंब कधी सांडला नव्हता मी. रात्रभर मी मोरीत खरकटा पडून होतो आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो. पण तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही, आणि अजून येत नाही.

रविवारी आकांक्षा आली. आजीने तिला सांगितलं, "चाल, आपन हॉटेलात जेवाले जाऊ." पोरगी खूश झाली. तिने स्वतःहून मला घासूनपुसून टेबलावर आणून ठेवलं. "आजी, आबाजींसाठी डबा घेऊ नं?"

"नको," पार्वताबाई म्हणाली. "त्यायचं ताट वाढून ठेवलं. डबा राहू दे घरी."

दार लागलं. मी टेबलावर आणि महादेवराव खुर्चीत, असे दोघंच उरलो. त्यांनी थोडं खाल्लं, ताट सारलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटावरच्या नावावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग दाराकडे तोंड करून बसून राहिले. आयुष्यभर ही वाट दुसरं कुणीतरी पाहत होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं असेल का, ते मला सांगता येणार नाही.

ती आली तेव्हा तिच्या साडीवर रस्स्याचा डाग होता आणि ओठ तिखटाने लाल झाले होते. महादेवरावांनी बिचकत विचारलं, "कसं होतं?"

तिने सगळं सांगितलं. राग धरून नाही, अगदी मनापासून. खुर्च्यांना लाल गाद्या आहेत. खिडकीतून गल्लीतली गर्दी दिसते. बाजूच्या टेबलावर एक म्हातारी होती, तिच्याशी बोलणं झालं. ताटातला रस्सा इतका कढत असतो की जीभ पोळते, हे तिला आजवर माहीतच नव्हतं. महादेवराव कान देऊन ऐकत होते. किती लहान दिसत होते ते! ती थांबली तेव्हा म्हणाले, "पुढच्या रविवारी मले बी नेशीन का? दोघं बसू जोडीनं."

पार्वताबाईने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"फॅमिली रूम आता वरत हाय हो," ती म्हणाली. "उभा जिना हाय. कसे चढसान?"

आकांक्षाने हळूच माझं झाकण लावलं आणि मला फळीवर नेऊन ठेवलं.

मित्रांनो, माझ्यासारखी भांडी शेवटी विनवणी करतात की आम्हाला घासा, पुसा, अडगळीत टाकू नका. मला तसलं काही मागायचं नाही. तुम्ही गावात हिंडता, नवीन नवीन ठिकाणी खाता, आणि घरच्यांसाठी आठवणीने पार्सल आणता. चांगलं करता. पण ज्यांच्यासाठी आणता, त्यांना एकदा विचारा, सोबत यायचं आहे का? आणि ते हो म्हणाले, तर मला खुशाल घरी विसरा. त्यांचे पाय जिना चढताहेत तोवर त्यांना सोबत न्या.