श्वास सोडून थांबा

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. रुग्णालयाच्या तळमजल्यावरील तपासणीकक्ष. अवयवांची रचना दाखवणारा एमआरआय आणि आजाराची जागा ठिपक्यांनी दाखवणारा पेट ही दोन्ही चित्रे एकत्र काढणाऱ्या यंत्राच्या पडद्यासमोर तंत्रज्ञ उभे होते. सव्वीस वर्षे रुग्णांना श्वास रोखायला सांगण्यात गेल्यामुळे सहकारी त्यांना ‘थांबाराव’ म्हणत. आज यंत्रात त्यांच्या वहिनी होत्या. आई गेल्यावर ज्यांनी त्यांना लहानाचे मोठे केले, त्या.

“गाठ उजव्या मूत्रपिंडात आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण पेटचे दोन्ही ठिपके त्याच्या वर, यकृतावर दिसताहेत. आजार बाहेर पसरला असेल, तर शस्त्रक्रियेत अर्थ नाही.”

थांबारावांनी माइककडे पाहिले. मूत्रपिंड श्वासाबरोबर खालीवर होते. पेटचे चित्र संथ श्वासोच्छ्वासात हळूहळू जमते, आणि त्यातला बराच वेळ श्वास सोडलेलाच असतो. म्हणून एमआरआयच्या वेळी श्वास सोडून थांबायचे, तरच दोन्ही चित्रे एकमेकांवर नेमकी बसतात. हा नियम त्यांनीच नवशिक्यांकडून घोकून घेतला होता. आणि आज, चादरीबाहेर आलेली वहिनींची वाळलेली पावले दिसताच, त्यांच्या तोंडून निघून गेले होते : श्वास भरून थांबा.

“डॉक्टर, चूक माझी आहे. मी श्वास भरून घ्यायला लावला. मूत्रपिंड खाली सरकलं असणार. ठिपके कदाचित त्या गाठीचेच असतील.”

“तुम्ही?”

“मीच. पुन्हा काढू द्या.”

चूक कबूल करताना माणसाला लाज वाटावी. त्यांना मात्र आपण पुरते चुकलेले असावे, अशी आस लागली होती.

“भाऊजी, झालं का?” आतून वहिनींचा आवाज आला. “पाठीचं लाकूड झालंय नुसतं.”

“वहिनी, एकदाच पुन्हा. या वेळी श्वास सोडून थांबायचं.”

“मघाशी घ्या, आता सोडा! पाढे म्हणतानाही असाच घोळ घालायचात तुम्ही.”

“हो ना. सोडा… थांबा.”

नवे चित्र उमटले. मूत्रपिंड वर सरकले होते. पहिला ठिपका गाठीवर नेमका बसला. थांबारावांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या ठिपक्यावर बाण नेला, चित्र तिन्ही बाजूंनी फिरवून पाहिले.

“भाऊजी,” आतून दमलेला आवाज आला, “घेऊ का आता श्वास?”



“चूक तुमचीच होती,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण ती एकाच ठिपक्यापुरती. दुसरा यकृतातच आहे. शस्त्रक्रिया होणार नाही.”