बी बदललेले आहे काय?

सुकन्याने अठ्ठेचाळिसावा अंगठा शाईच्या गादीवर दाबला, मग कागदावर, आणि फडक्याने पुसून तो त्याच्या मालकाला परत केला.

गेल्या दिवाळीत कळसच्या सारजाबाईने कोनाड्यातले गाडगे उतरवले. बियांवरची राख फुंकली. धाकट्या बहिणीच्या ओच्यात दोन मापटी गवारीचे बी ओतले.

लंडनच्या एका दुकानात गिऱ्हाइकांनी भाजीची पिशवी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, आम्ही नेमके काय खातोय ते यावर का लिहिलेले नाही?

इंदापूरच्या रस्त्यावर एक जीप थांबली. आतल्या माणसाने बियांची चार पाकिटे बाहेर धरली. पाकिटांवर आकडा होता. नाव नव्हते.

चार वाजता मालाची गाडी विमानतळाकडे निघते. कुणासाठी थांबत नाही.

काटेवाडीच्या अलीकडच्या, लंडनला भाजी पाठवणाऱ्या शेडमध्ये आता अडीच वाजले होते. नव्याण्णव सालचा भाद्रपद, वर पत्रा, खाली गवारीचा हिरवट, कडवट वास. सुकन्या सकाळी सातपासून टेबलाशी होती. मागच्या वर्षापर्यंत माल वजनकाट्यावर चढला की काम संपायचे. या वर्षी दर शेतकऱ्याचा, दर मालाला, आठ प्रश्नांचा कागद आला होता. पहिले पाच नाव, गाव, गट नंबर, औषध, पाणी. सहावा लंडनवाल्यांचा.

*प्रश्न ६. बी बदललेले आहे काय? (होय / नाही)*

'नाही' आले की खोक्यावर हिरवी चिकटपट्टी लागायची. 'होय' आले की माल परत, आणि शेडला माल घालायचे कार्डही हंगामापुरते जमा.

एकोणपन्नासावा नंबर कोऱ्हाळ्याच्या दादासोचा होता. अंगावर पांढरा शर्ट, तोंडात बडीशेप.

"बी बदललेलं आहे का?" सुकन्याने वाचले.

"आरं तिच्या! बदलतंय कोन? शीलबंद पाकीट. मी सोता दातानं फोडलं."

"कुठल्या कंपनीचं?"

"जीपवाल्या कंपनीचं." दादासो आपल्याच बोलण्यावर हसला. "चाचनीचं हाय म्हनला, लावून बगा. फुकाट दिलं, ताई. फुकाटचं कोन बदलून देतंय व्हय?"

पेन थांबले. मागून कुणीतरी क्रेट पायाने पुढे सरकवला. तो फरशीवर कर्रकन घासला. सुकन्याने 'नाही' लिहिले. दादासोने ऐटीत सही ठोकली आणि मागे वळून म्हणाला, "या काकू. तुमची परीक्षा."

पन्नासावी द्वारकाबाई. तीही कोऱ्हाळ्याचीच, आणि या हंगामातला हा तिचा पहिलाच माल. तिच्या सासऱ्यांच्या वेळी घरात मेंढरे होती, आता दीड एकर रान होते, आणि शेडच्या यादीत बाईच्या नावावर जी तीन कार्डे होती त्यांतले एक तिचे होते. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर रुमाल बांधून तिने आणले होते. गवारीच्या कुसाने तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. बोलता बोलता ती ते खाजवत होती.

पाच प्रश्न सरळ गेले.

"बी बदललेलं आहे का?"

"व्हय."

सुकन्याने वर पाहिले.

"बदललं की. ह्याच साली. यकाच रानात त्येच बी टाकत ऱ्हायलं की रान विटतं, बाय. तीन सालांनी बदलाया लागतं."

"मावशी, तसं बदललेलं नाही विचारत." सुकन्याने आवाज खाली घेतला. "प्रयोगशाळेत बियाच्या आतला गुणच बदलतात. दुसऱ्याच जिवाचा गुण काढून यात घालतात. जंतूचा म्हणा, किड्याचा म्हणा."

"बियात किडा?" द्वारकाबाई मागच्या रांगेकडे वळून हसली. "माज्या बियाला किडा न्हाय. राखंत ठिवलेलं बी हाय ते."

"मग मी 'नाही' लिहिते."

"काय न्हाय?"

"बी बदललेलं नाही, असं."

द्वारकाबाईचे हसू हळूहळू विरले. तिने खाजवणे थांबवले.

"आन त्येच्याखाली माजा आंगठा?"

"हो."

"सारजानं दिलंय ते. कळसची, माजी थोरली भन. गाडगं उतरवताना हात कापत व्हतं तिचं. संक्रातीला गेली. तिनं दिल्यालं बी दिलं न्हाय म्हनून मी आंगठा देऊ?"

"तसं नाही हो मावशी, हा नुसता कागद आहे."

"नुसता कागद आसंल तर खरं लिव्ह की त्यात."

रांगेतून कुणीतरी ओरडले, "ओ काकू, गाडी जाईल! भनीला सांगा वरनंच सही पाठवायला!" दोघेतिघे हसले. द्वारकाबाईने तिकडे पाहिले नाही. तिने स्वतःच डावा अंगठा शाईवर दाबला आणि तो हवेत धरून उभी राहिली.

"लिव्ह. व्हय म्हनून लिव्ह."

सुकन्याने लिहिले नाही. ती कागद घेऊन काचेच्या केबिनमध्ये गेली. शेडचा मॅनेजर शंभूराज एका कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने डोळे चोळत होता. त्यालाही दोन रात्री झोप नव्हती. फोन ठेवून त्याने तिच्या हातातला कागद ओढून घेतला.

"काय आहे?"

"द्वारकाबाईंना प्रश्न कळला नाही, साहेब. बहिणीचं बी घेतलं, म्हणून त्या होय म्हणताहेत. त्यांच्याकडे बी बदलणं म्हणजे तेच. माल चांगला आहे."

"मराठीत तर लिहिलंय."

"हो."

"एकोणपन्नास लोकांना कळलं."

सुकन्याला दादासोचे दात आठवले, आणि जीपवाल्याचे ते फुकटचे पाकीट. काचेपलीकडे त्याच्या खोक्यांवर हिरव्या पट्ट्या लागत होत्या. एक पोरगी त्या अंगठ्याच्या नखाने घासून पक्क्या करत होती.

"बोल ना." शंभूराजच्या आवाजात राग नव्हता, थकवाच होता. "प्रश्नच चुकलाय असं म्हणायचंय का तुला? तसं असेल तर जूनपासूनचे सगळे कागद चुकले. आजची गाडी जाणार नाही. उद्याचीही नाही. मग मला वर विचारतील, हे कुणाचं काम. चुकलाय का प्रश्न?"

पंखा फिरत होता. टेबलावरचे कागद दगडाखाली फडफडत होते.

"नाही, साहेब," सुकन्या म्हणाली.

शंभूराजने लाल पेनाने 'होय'भोवती गोल केला.

द्वारकाबाईचे चारही क्रेट बाहेर लिंबाखाली नेऊन ठेवले गेले. द्वारकाबाईने कार्ड टेबलावर ठेवले, पिशवीसकट आणि रुमालासकट. मग रुमाल तेवढा परत घेतला. ती भांडली नाही. तिने ओंजळभर गवार उचलून सुकन्यापुढच्या कागदांवर ठेवली.

"भाजीला ने. दिसभर हुबी हायस." जरा थांबून ती म्हणाली, "तू पुसलंस, मी सांगितलं. तुजा काय दोस, पोरी."

तिच्या अंगठ्याची शाई तशीच होती. सुकन्याने फडके पुढे केले, पण तोवर ती उन्हात गेली होती.

"एक्कावन्न," सुकन्या म्हणाली.

जूनमध्ये आलेला मूळ कागद इंग्रजीत होता. तो मराठीत सुकन्याने उतरवला होता, आणि सहाव्या प्रश्नातला 'जनुकीय' हा शब्द कुणाला कळणार नाही म्हणून तिनेच गाळला होता.