अक्षताची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. वयानं नव्हे हं, हालांनी जुनी! शाळा लांब असलेल्या मुलींना सरकारकडून सायकली मिळतात, त्यांतली मी एक. पटांगणात आम्ही ओळीनं उभ्या होतो. अक्षतानं माझ्या हँडलवर हात ठेवला आणि मी तिची झाले.

हसनाबादजवळच्या वस्तीवरून आम्ही रोज निघायचो. वाटेत तिची मैत्रीण साजिया भेटायची. चढ आला की दोघी उभं राहून पायडल मारायच्या आणि खिदळायच्या. काय सुखाचे दिवस होते ते!

एकदा त्याच चढावर वर्गातल्या पोरांनी मोबाइल काढला. दिवसभर घाणेरडे व्हिडिओ बघायचे आणि तसंच वागायचं, ही त्यांची मजा. अक्षताचं शूटिंग करून, त्याला अचकटविचकट गाणं लावून त्यांनी ते गावभर पाठवलं. सरांनी पोरांना नुसती समज दिली. शिक्षा झाली ती अक्षताला.

"बस झाली शाळा," तिची आई गोजरबाई म्हणाली.

"पन मी काय केलं, आई?"

"तू काई न्हाई केलं गं. पन कोनाकोनाचं तोंड धरू?" असं म्हणून तीही रडली.

मी गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत राहिले. शेण काढायला आलेली अक्षता माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मला फार वाईट वाटायचं.

पुढे तिचा भाऊ प्रेम मला शाळेत न्यायला लागला. परवा चढावर तो थांबला. मागून साजिया येत होती. लांबूनच मला ओळखून ती आनंदानं ओरडली, "अक्षता! आली का गं तू?"

जवळ येऊन बघते तर प्रेम, आणि तिच्यावर रोखलेला त्याचा मोबाइल.

"तू बी, प्रेम? तुझ्या बहिणीची शाळा ह्याच्यानंच सुटली ना रे?"

"अगं, मजाक करून राह्यलो," प्रेम हसत म्हणाला.

 साजियानं सायकल वळवली आणि घरी परत गेली. प्रेम मात्र माझ्यावर बसून शाळेत गेला. मी त्याला नेलं, कारण मला नाही म्हणता येत नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, नवे टायर नकोत. शेजारच्या मित्रानं असा मोबाइल काढला, तर तुम्ही तरी त्याला नाही म्हणा.