तेल न सोसणारे केस

पार्लरच्या खुर्चीत टेकता टेकताच हैमवतीचा डोळा लागला. डोक्यावरून कुणाची तरी बोटं फिरत होती आणि ती बोटं काही मागत नव्हती, एवढंच तिला पुरेसं झालं. जाग आली ती पार्लरवालीच्या आवाजानं.

"मॅडम, हे बघा. इथून दिसतंय."

मागे धरलेला आरसा समोरच्या आरशात उतरला होता आणि त्यात एक टाळू दिसत होती. हैमवतीला क्षणभर ती दुसऱ्याच कुणाची वाटली. उन्हाळ्यातल्या कृष्णेसारखी, पाणी कमी आणि वाळूच जास्त.

"बाळंतपणानंतरचं ना? येतात परत."

"हो, सगळे तसंच सांगतात," हैमवती म्हणाली.

सगळे एवढंच सांगून थांबले असते तर ती हैदराबादहून तेनालीला, धाकट्या बहिणीच्या लग्नाला जाताना वाटेत विजयवाड्याला उतरली नसती. तिच्या वेणीचं नाव होतं एकेकाळी. शाळेत पोरी त्या वेणीला धरून तिच्या मागे रांग करायच्या. आता जो भेटेल तो आधी डोक्याकडे बघायचा, मग तोंडाकडे. 'अय्यो, केस कुठे गेले गं?' आणि उत्तराची वाटही न बघता कांद्याचा रस, कढीपत्ता, दुसरं मूल. लग्नघरात तर शंभर तोंडं. तिला सुंदर दिसायचं नव्हतं. एवढं एक लग्न कुणी काही विचारू नये, एवढंच तिला हवं होतं.

"गंगावन नाही चालणार का?" तिनं विचारलं. "आईच्या पेटीत आहे एक, चांगलं लांब."

पार्लरवालीनं तिची वेणी दोन बोटांत धरली आणि लगेच सोडली. "ते बांधायचं कशावर? वेणी तरी जाड हवी ना. ही तर उंदराची शेपटी आहे, रागावू नका. त्या वजनानं असलेलेही उपटून येतील."

मग तिनं क्लिपवाल्या बटा लावून दाखवल्या. केस भरगच्च दिसले, पण मान वळवली की विरळ केसांतून चिमटा लुकलुकायचा. शिवाय प्रत्येक चिमटा दोन-चार केसांना लोंबकळून होता. तेवढ्यात काचेपलीकडे मुरळी दिसला. हैमवतीचा नवरा सात महिन्यांच्या चिट्टीला खांद्यावर घेऊन फुटपाथवर येरझारा घालत होता आणि चिट्टी त्याचे केस ओढत होती.

"ओढते का हो बाळ?" पार्लरवालीनं विचारलं.

"केस मुठीत धरल्याशिवाय झोपतच नाही."

"मग क्लिप राहू द्या."

शेवटी निघाल्या त्या चिकटपट्टीच्या बटा. बोटभर रुंद पट्टी, तिला खाली केस. आपल्या केसांची पातळ बट वरून एक, खालून एक अशा पट्ट्यांच्या मध्ये दाबून टाकायची. हलकं, सपाट, मुळांना ओढ नाही. रंगही जुळला, काळ्यात थोडा तांबूस. एकेक पट्टी बसत गेली तशी आरशातली बाई हळूहळू ओळखीची होऊ लागली.

"पण एक सांगते, नीट ऐका. तेल अजिबात नाही. मुळाशी तर नावसुद्धा नको."

त्याच वेळी बाहेर चिट्टीनं गळा काढला. मुरळी काचेवर टकटक करू लागला.

"हो, हो," हैमवती म्हणाली आणि पदर सावरत उठली.

तेनालीला दारात ताडाच्या झावळ्यांचा मांडव पडला होता. रिक्षातून उतरलेल्या लेकीला बघून स्वराज्यम्मा पायरीवरच थांबली. नातीलासुद्धा घ्यायला हात पुढे केला नाही. मग तिनं हैमवतीला वळवून पाठमोरी केली, वेणी हातात तोलली आणि डोळ्यांना पदर लावला.

"लागू पडलं! माझं तेल लागू पडलं!"

हे हैमवतीच्या लक्षातच आलं नव्हतं. परसात लोखंडी कढईत माका, जास्वंद आणि मेथी तिळाच्या तेलात तासन् तास आटवून अम्मा दर महिन्याला बाटली पाठवायची. कधी बसच्या ड्रायव्हरबरोबर, कधी शेजाऱ्यांच्या मुलाबरोबर. फोनवर विचारायची, "लावतेस ना?" हैमवती म्हणायची, "लावते." बाटल्या हैदराबादच्या स्वयंपाकघरात सिंकखाली ओळीनं उभ्या होत्या.

"अम्मा, अगं ते..."

पण अम्मा कधीच आत गेली होती. संध्याकाळपर्यंत लग्नघरात हैमवतीच्या केसांची गोष्ट चिंचेच्या पुलिहोरा भाताबरोबर पानोपानी वाढली गेली. कुणी एकदाही विचारलं नाही की केस कुठे गेले. विचारत होते ते हेच, की आले कसे.

त्यात अलिवेलु होती. मोठ्या मावशीची मुलगी, सरकारी शाळेत गणित शिकवायची. कपाळावरचे केस इतके मागे हटलेले की स्थळाकडची माणसं फोटो बघूनच 'कळवतो' म्हणायची. अम्मानं तिला एक बाटली दिली होती. तिनं हैमवतीला कोठीघरात गाठलं.

"खरं सांग, हैमा. येतात ना?"

हैमवतीच्या कडेवर चिट्टी होती, खांद्यावर तिनं ओकलेलं दूध होतं आणि रात्री पुरती झोप नव्हती.

"येतात, अक्का," ती म्हणाली.

रात्री तिनं चिट्टीला कुशीत घेऊन थोपटलं. चिट्टीनं सवयीनं मूठ वर नेली, पाठीवरून पुढे आलेली नवी बट पकडली, जरा चाचपली आणि सोडून दिली. मग बोटं कानामागे शिरली. तिथे जुने चार केस होते. ते मुठीत आले तेव्हाच तिनं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरी करायचा विधी होता. धाकटी नीरजा हळदीच्या साडीत पाटावर बसली. सुवासिनींनी दूर्वा तेलात बुडवून तिच्या टाळूला लावल्या, उटणं लावलं, चिडवाचिडवी झाली. आरती ओवाळून होते न होते तोच मोठी मावशी म्हणाली, "थोरलीलाही बसवा. पहिल्या लेकीला तेल लागल्याशिवाय दुसरीचं न्हाण नाही."

तेल अजिबात नाही. मुळाशी तर नावसुद्धा नको.

"मला राहू दे," हैमवती म्हणाली. "सर्दी झालीय."

"तिळाच्या तेलानं सर्दी?" मावशी हसली. "हैदराबादची सर्दी तेलुगू नाही वाटतं."

सगळ्याजणी हसल्या. शुभकार्यात तेलाला नाही कसं म्हणणार? हैमवती पाटावर बसली. दूर्वांचा थेंबच पडणार, तेवढ्यानं काही होणार नाही, असं ती मनाला बजावत होती. मागे अम्माच्या बांगड्या वाजल्या.

"हिच्या डोक्याला थेंबानं काय होणार!" अम्माचा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा होता. "ओंजळ लागेल ओंजळ!"

कोमट तेल टाळूवर आलं आणि कानांमागून ओघळलं. अम्माची बोटं मुळांशी शिरली. गोल, सावकाश, लहानपणी रविवारी फिरायची तशीच. हैमवतीला एकाच वेळी ओरडावंसं आणि झोपावंसं वाटलं. मग ती बोटं एका जागी थबकली. काहीतरी सरकलं होतं. अम्माच्या हातात पट्टी आली होती, सबंध, खालच्या लांब केसांसकट.

मांडवात नुकतं कुणीतरी गाणं धरलं होतं. हैमवतीनं मान खाली घातली आणि वाट बघितली.

खांद्यावर पंचा पडला. तो डोक्यावरून पुढे ओढला गेला.

"उन्हात मुरू दे जरा," अम्मा सगळ्यांना म्हणाली. "चला गं, थांबू नका. नवरीला न्हाऊ घाला." आणि लेकीला दंडाला धरून परसात घेऊन गेली. ती पट्टी तिच्या निऱ्यांत खोचलेली होती.

परसात चुलीवर न्हाणाचं पाणी उकळत होतं. अम्मा ओट्यावर बसली. तिनं हैमवतीला खालच्या पायरीवर बसवलं आणि टाळूवर आणखी तेल ओतलं. दुसरी पट्टी सुटली. तिसरी.

"कुणाचे आहेत?"

"माहीत नाही."

"तिरुपतीला कुणीतरी देवाला वाहिलेले असतील. ती बिचारी नवस फेडून मोकळी झाली, आणि माझी लेक ते गोंदानं डोक्याला चिकटवून आली." आणखी एक पट्टी ओट्यावर पडली. "कधी गळायला लागले?"

"चिट्टी ओळखून हसायला लागली तेव्हापासून."

"आणि तेल?"

हैमवतीनं गुडघ्यावर कपाळ टेकलं. खोटं बोलायलाही ताकद लागते. तेवढीही उरली नव्हती.

"सिंकखाली आहे. सगळं."

"एकही बाटली उघडली नाहीस?"

"एक उघडली होती. हातावर तेल घेतलं आणि ही रडली. तेलकट हातानं कशी उचलणार? हात धुऊन आले. मग पुन्हा नाही जमलं."

"मग फोनवर लावते लावते कशाला म्हणायचीस?"

"तू विचारायचीस ते बरं वाटायचं, अम्मा. खरं सांगितलं असतं तर रागावून विचारायची थांबली असतीस."

अम्माचे हात थांबले. आत चिट्टी किरकिरत होती आणि मुरळी तिला कावळा दाखवत होता, ते इथवर ऐकू येत होतं.

"मी तरी काय," अम्मा म्हणाली. "बाटल्याच पाठवत बसले. लावायला हात कुठून येणार, ते डोक्यातच आलं नाही."

मागच्या दाराची कडी वाजली. अलिवेलु होती, हातात तेलाची बाटली घेऊन. अम्मानं झटकन ओट्यावरच्या पट्ट्यांवर पदर टाकला.

"पिन्नी," ती मावशीला म्हणाली, "हे आठवड्यातून किती वेळा लावायचं? मी रोज लावलं तर लवकर येतील का?"

"ते असं आहे बघ..." अम्मानं सुरुवात केली. लेकीसाठी ती काय वाटेल ते रचून सांगणार होती, हे हैमवतीला पाठीमागूनच कळलं.

तिनं अम्माचा पदर बाजूला केला. तेलात माखलेल्या पट्ट्या मेलेल्या जळवांसारख्या पडल्या होत्या. मग तिनं डोक्यावरचा पंचा काढला.

"अक्का, मी काल खोटं बोलले. अम्माचं तेल मी लावलेलंच नाही. हे विकतचे होते. माझे गळालेत, बघ."

अलिवेलुनं बघितलं. आधी पट्ट्यांकडे, मग टाळूकडे. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. हैमवतीला तिच्याकडे बघवेना. शाळेतल्या पोरांकडे बघते तशी हैमवतीकडे बघत ती बाटली हातात धरून उभी राहिली.

"म्हणजे मी उगाच रात्रभर उशी तेलकट केली," ती म्हणाली.

"रागावलीस?"

"रागावलेय. हळद उतरल्यावर बोलते तुझ्याशी." ती वळली आणि दारातून मागे फिरली. "बाटली मात्र परत देणार नाही, पिन्नी. वास छान आहे." ओट्याकडे नजर टाकून ती म्हणाली, "कुठे मिळतात गं त्या?"

"विजयवाड्याला. पण तेल लावायचं नाही म्हणतात."

"मग आपल्याकडे कोण घेणार त्या!" अलिवेलु म्हणाली. ती हसली नाही, पण जाताना दार आपटलंही नाही.

"माझं गंगावन काढू का?" अम्मानं विचारलं. "फुलांखाली बांधलं तर..."

"खूप जड आहे, अम्मा. नको."

"मग नकोच. मोगऱ्याचा गजरा घालू जरा रुंद. कुणी विचारलंच तर सांग, अम्माला विचारा."

तिनं पुन्हा तेल घेतलं, या वेळी चमचाभरच. उरलेल्या केसांना तेवढंच पुरलं. मुरळी चिट्टीला घेऊन आला आणि काही न विचारता तिला हैमवतीच्या मांडीत ठेवून गेला. चिट्टीनं मूठ वर नेली. तेलातून केस सुटत होते, पण ती पुन्हा पुन्हा पकडत राहिली. आतून कुणीतरी ओरडलं, नवरीला वेणी घालायला थोरली बहीण कुठे आहे?

"येतेय म्हणावं," अम्मा ओरडली. हैमवतीचं डोकं तिच्या गुडघ्यावर टेकलं होतं, तोंड किंचित उघडं. अम्मानं आवाज उतरवला. "जरा वेळानं."