ताटावरचा हात

मधूच्या पत्राला टिपणीसांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावी, त्यांच्या मुलाच्या घरामागे, कालव्यात बदकाची पिल्लं पोहत होती. आता ती मोठी होऊन उडूनही गेली होती.

"पक्या," मधूनं पुण्याहून लिहिलं होतं, "घसा कापून काढला. आवाज गेला, गिळणंही गेलं. पोटात नळी बसवलीय, उत्तरा तिच्यातून पेज ओतते. आयुष्यभर जिभेचे चोचले पुरवले, आता जीभ बिनपगारी रजेवर. तू हेगच्या उंबऱ्याशी राहतोस. जगभरची माणसं तिथे जेवायला बसतात म्हणे. बाहेर जाऊन खा आणि मला लिही. चव लागेल असं लिही. फोन करू नकोस. मला बोलता येत नाही आणि तू फोनवर नुसता 'हं' करतोस."

टिपणीस लिहायला बसले होते, नाही असं नाही. पण उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेलेला. 'इथला पाव कडक असतो' एवढं लिहून त्यांनी ते खोडलं. बाहेर खाण्याचा अनुभव काय, तर काहीच नाही. डच मेन्यू बघितला की त्यांना घाम फुटायचा. घरचा वरणभात बरा. शिवाय ज्याच्या घशाखाली घोट उतरत नाही त्याला चवी काय सांगायच्या? खरंच हवं असेल तर मधू पुन्हा लिहील, असं म्हणून त्यांनी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं.

पुन्हा विचारायची मधूची रीतच होती. तरुणपणी दोघं एकाच खाणावळीत जेवायचे. टिपणीस ताटावर हात आडवा धरून 'नको, नको' म्हणायचे आणि मधू त्यांची बोटं बाजूला करून पोळी वाढायचा. "पक्याचं पहिलं नको मोजायचं नसतं," असं तो वाढप्याला बजावायचा.

ऑक्टोबरात सून विशाखाला नोकरी लागली आणि मुलगा विनय सगळ्यांना हेगमधल्या एका इंडोनेशियन हॉटेलात घेऊन गेला. भाताभोवती वाट्याच वाट्या आल्या. एकीत फणसाची भाजी होती, नारळाच्या दुधात शिजवलेली, गोडसर, काळपट. टिपणीसांनी घास घेतला आणि त्यांना मधूच आठवला. फणस म्हटलं की तो वेडा व्हायचा. शेजारचं टेबल आवरता आवरता वाढणारी बाई थांबली. वाटीत शेवटचे दोन चमचे उरले होते. आणखी वाढू का, तिनं हसून विचारलं.

टिपणीसांनी ताटावर हात आडवा धरला. "नो, नो. थँक यू."

बाईनं वाटी उचलली आणि ती आत निघून गेली. टिपणीसांचा हात तसाच ताटावर राहिला.

"बाबा, हवी होती ना तुम्हाला?" विशाखानं विचारलं.

"हो."

"मग नको का म्हणालात?"

"परत विचारेल असं वाटलं."

विनयला हसू आवरेना. "अहो बाबा, हे काय लग्नाच्या पंगतीत बसलाय का? इथे नको म्हणजे नको. एकदाच विचारतात."

टिपणीस हसले नाहीत. पुढचं जेवण त्यांनी कसंबसं संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुण्याला फोन लावला. उत्तरानं उचलला.

"भावजी? आज कशी आठवण झाली?"

"मधू कसा आहे?"

"आहे. वेदनेचं औषध वाढवलंय. दिवसभर डोळे मिटलेले."

"वहिनी, त्यानं परत का नाही लिहिलं?"

"मी म्हटलं होतं, आठवण करा त्यांना. तर पाटीवर लिहून दाखवलं, 'लिहील. पक्या आधी नकोच म्हणतो.' पुढे बोटांत पेन्सिल ठरेना. थांबा, फोन त्यांच्या कानाशी धरते. बोला काहीतरी."

पलीकडे घरघर ऐकू आली. टिपणीसांनी तोंड उघडलं. फणस, नारळ, सगळं जिभेवर होतं.

"हं," ते म्हणाले. आणि पुन्हा, "हं."

उत्तरानं फोन परत घेतला. "पत्रच लिहा, भावजी. मी वाचून दाखवीन. पोचतं की नाही, ते नका विचारू."

ते एकटेच ट्रॅमनं हेगला गेले. चौकात माशांची गाडी होती. गाडीवरच्या बाईनं हारिंग नावाचा मासा साफ करून दिला, कच्चाच, थंडगार. कांदा हवा का, तिनं विचारलं. हो, टिपणीस लगेच म्हणाले. लोक शेपटी धरून मासा तोंडात सोडत होते, त्यांनीही सोडला. मासा लोण्यासारखा विरघळला, मागून मीठ आणि कांद्याचा झणका आला. डोळ्यांत पाणी आलं. कांदा फार नव्हता.

तिथल्याच बाकावर बसून त्यांनी मासा लिहिला, फणस लिहिला, ताटावरचा हातही लिहिला. एक वाक्य अगदीच भिकार वाटलं. पेन तिथे थबकलं, मग त्यांनी ते तसंच राहू दिलं.

नारिंगी टपालपेटीला दोन फटी होत्या. दूरच्या गावांची कुठली ते पुन्हा पुन्हा वाचून, आपण चुकतोय असं वाटत असतानाच, त्यांनी पाकीट आत सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला.