फळीवरचा हात

मामाच्या दुकानात कच्चा मासा मिळायचा आणि दुपारी त्यासाठी रांग लागायची. नाक मुरडणारे मुरडोत बापडे! मामा पूर्वी जहाजावर स्वयंपाकी होता, तेव्हा हवाई बेटांवर हा पदार्थ शिकला. वाडग्यात कोमट भात, वर ताज्या टूनाचे फाशाएवढे तुकडे, सोया सॉस, तिळाचं तेल आणि कांद्याची पात. पोके म्हणतात त्याला. एकदा खाल्लं की माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर व्हायचा.

मासा कापायची मामाची भाची. फुटलेला ओठ घेऊन ती एका सकाळी मामाच्या दारात उभी राहिली, तेव्हा मामाने तिला आत घेतलं. एप्रन दिला, सुरी दिली. पण पहिले काही दिवस तिने कापलेले तुकडे बघून त्याने कपाळाला हात लावला.

"अगं, हा मासा कापलाय की उंदरांनी कुरतडलाय? लहानपणी कुठल्या हाताने जेवायचीस गं तू?"

"डाव्या."

"मग त्या हाताला काय धाड भरली?"

तिने डावा तळवा उघडून दाखवला. तळव्यावर आडवा, चकचकीत डाग होता. नवऱ्याला डावखुऱ्या बायकोची लाज वाटायची. पाहुण्यांना तिने डाव्या हाताने वाढलं, ते त्याने हसून साजरं केलं, आणि पाहुण्यांची पाठ वळताच तोच हात तापलेल्या तव्यावर दाबून धरला. "आता येशील वळणावर," म्हणाला. ती आली वळणावर. उजव्या हाताने जेवायला लागली, उजव्या हाताने मार चुकवायला लागली.

मामाने त्याच दिवशी अख्खा ओटा फिरवला. बर्फाची पेटी उजवीकडे, सुरी डावीकडे. "माझ्या दुकानात डावाच हात चालेल," म्हणाला. मग काय विचारता! कापायच्या फळीवर उजव्या हाताने मासा धरायचा आणि डाव्या हाताने त्या बोटांना खेटून सुरी ओढायची. पातं नखाला घासून जायचं, पण बोटावर ओरखडा म्हणून नाही. समोर काचेचं कपाट होतं, त्यामुळे गिऱ्हाइकांना तिचं डोकं दिसायचं, हात दिसायचे नाहीत. तिलाही ते बरंच होतं.

एवढं सगळं सुरळीत चाललं होतं, तोच नवऱ्याचा फोन आला. "ठिकाण कळलंय मला. ट्रकमध्ये टाकून नेईन, आणि यावेळी पुन्हा कुणाला दिसणार नाहीस." तो बाकी कशात शब्द पाळायचा नाही, पण मारण्याच्या बाबतीत मेला शब्दाचा पक्का होता. ट्रकपर्यंत नेलं की आपण संपलो, हे तिला स्वच्छ कळत होतं.

आणि तो आला. भर दुपारी, दुकान भरलेलं असताना. ट्रक त्याने दारातच आडवा लावला, इंजिन चालू ठेवलं. दारातल्या माणसाला त्याने असा ढकलला, की तो टेबलासकट पालथा झाला. वाडगे फुटले, भात भिंतीवर उडाला. लोकांची पळापळ झाली. कोपऱ्यात जेवायला बसलेला एक टॅक्सीवाला तेवढा राहिला, तोही वाट अडली म्हणून.

"ए, ओट्यामागे यायचं नाही!" मामा हात पसरून आडवा झाला.

नवऱ्याने स्टूल उचललं आणि मामाच्या डोक्यात घातलं. कट्ट असा आवाज झाला. मामा बर्फाच्या पेटीवर आपटून खाली बसला, आणि त्याच्या कानामागून रक्ताची धार लागली. नवऱ्याने वर एक लाथ घातली, उगीचच.

ती काचेच्या कपाटामागे उभी होती. सुरी डाव्या हातात, एप्रनच्या आड लटकत राहिली. तो ओट्यामागे शिरला आणि त्याने तिच्या कानाखाली जाळ काढला. मग केस धरून डोकं काचेच्या कपाटावर आपटलं. काच तडकली. भुवई फुटून एका डोळ्यात रक्त उतरलं.

"मामाच्या जिवावर उड्या मारतेस काय गं? सुरी कुठाय तुझी? आं?"

आणि त्याने तिचा उजवा हात पकडला. मनगट फळीवर आदळून स्वतःचा पंजा वरून दाबला. झालं, त्याच्या मते बंदोबस्त झाला! दुसऱ्या हाताकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. का पाहावं? तो हात त्याने स्वतः तव्यावर संपवला होता.

"चल. मुकाट्याने चल. नाहीतर म्हाताऱ्याला इथेच उरकतो."

तिने खाली पाहिलं. फळीवर तिचा उजवा हात जिथे रोज असायचा तिथेच होता. आणि त्याला खेटून, जिथे मासा ठेवतात तिथे, त्याची जाडजूड बोटं टेकलेली होती. तिची भीती त्या क्षणी कुठे पळाली कुणास ठाऊक. राग आला. एवढ्या वर्षांचा, साठलेला, पायापासून उसळलेला राग.

तिने डावा हात वर आणला, सुरी आपल्या मनगटाला खेटून ठेवली, सगळं वजन त्यावर टाकलं आणि एकदाच ओढली.

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने पंजा उचलला, आणि दोन बोटं फळीवरच राहिली. तो जो ओरडला, ते रस्त्यापलीकडे ऐकू गेलं असेल. उलटा फिरला, ओट्याबाहेर पळताना सांडलेल्या सॉसवरून घसरला, फुटक्या वाडग्यांवर पडला आणि हात पोटाशी धरून कण्हत राहिला. "आई गं! हिने हात तोडला माझा! वाचवा कुणीतरी!"

तिच्या मनगटावर ओरखडाही नव्हता.

"हललास तर उरलेलीही काढीन," ती म्हणाली. तो हलला नाही.

टॅक्सीवाल्याने पोलिसांना फोन लावला. तिने मामाच्या डोक्याला टॉवेल घट्ट बांधला. मामा शुद्धीवर होता. त्याने फळीकडे पाहिलं.

"मासा सगळा फेकून दे, पोरी. रक्त उडालंय."

"फेकते."

"पोलीस येतील."

"येऊ देत. मला भूक लागलीय, मामा."

टॅक्सीवाल्याने आपला वाडगा पुढे सरकवला. "तुम्हीच खा, ताई. हातसुद्धा लावलेला नाही. माझी तर भूकच मेली."

ती नवऱ्यासमोर स्टूल ओढून बसली. त्याच स्टुलावर. चमचा तिने सवयीने उजव्या हातात घेतला, क्षणभर थांबली, आणि डाव्या हातात दिला. नवऱ्याने मान फिरवली.

"इकडे बघ," ती म्हणाली, आणि त्याने पाहिल्यावरच तिने पहिला घास घेतला.