दोन घंट्या

आमच्या गाडीला शेजारपाजारचे साबणाची डबी म्हणत. एका डॉक्टरीणबाईंनी मोठी गाडी घेतली तेव्हा त्यांची ही जुनी, विजेवर चालणारी, आम्ही घेतली. एकदा चार्ज केली की एकशे दहा किलोमीटर जाते, असं कागदावर लिहिलेलं होतं. आमच्याकडे येईपर्यंत तिच्या बॅटरीचंही वय झालेलं. नव्वद-पंचाण्णव गेली तरी डोक्यावरून पाणी. पण आम्हांला तरी जायचं कुठे असायचं? दवाखाना, भाजी, वाचनालय, आणि रविवारी नदीच्या पुलापर्यंत एक चक्कर.

हे चाळीस वर्षं सरकारी बस चालवत होते. पन्नास माणसं पाठीशी घेऊन घाट उतरलेला माणूस आता साबणाच्या डबीत गुडघे मुडपून बसायचा, आणि तरी निघण्याआधी चारही चाकांना लाथ मारून बघायचा.

मी त्यांच्याच गाडीवर कंडक्टर होते. ओळख तिथलीच. लग्नानंतर साहेबांनी आम्हांला वेगवेगळ्या मार्गांवर टाकलं, पण नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माणसं कमी पडू लागली आणि आम्ही पुन्हा एका गाडीवर आलो. आमच्या वेळी छताला दोरी असे. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. दोन घंट्या झाल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही. कोण चढलं, कोण उतरलं, कुणाचा पाय अजून पायरीवर आहे, हे त्याला दिसत नसतं, मला दिसतं. ही शिस्त यांच्या हाडात इतकी मुरली की साबणाच्या डबीतसुद्धा मी समोरच्या फळीवर बोटाच्या पेराने दोनदा ठकठक केल्याशिवाय हे निघत नसत. सुरुवातीला गंमत होती. मग गंमत आहे हेही आम्ही विसरून गेलो.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. गाडी उशिरा पोचली की ड्रायव्हरनं फॉर्मवर कारण लिहायचं असे. निम्म्या वेळा उशीर माझ्यामुळे व्हायचा. लांबून कुणी बाई पिशव्या सावरत पळत येताना दिसली की माझा हात काही दोरीकडे जात नसे. हे आरशातून माझ्याकडे बघत, बोलत काही नसत. आणि फॉर्मवर लिहीत, ‘गाडीत बिघाड.’ डेपोतला मेकॅनिक वैतागायचा. “तुमच्याच गाडीला रोज होतं तरी काय?” “वय झालंय तिचं,” हे म्हणत. गाडी तेव्हा जेमतेम वर्षाची होती.

त्या दिवशी सकाळी सहाला भाचीचा फोन आला. भाची म्हणजे माझ्या ताईची मुलगी.

“मावशी, डॉक्टर म्हणतात आजचाच दिवस. पण शुद्धीवर आहे. बोलते आहे. तू ये.”

“तिनं बोलावलंय?”

“मी बोलावते आहे,” भाची म्हणाली. मग जरा थांबून, “पण नको म्हणाली नाही.”

ताई आणि मी अठरा वर्षं बोललो नव्हतो.

माझं घरातलं नाव शेपूट. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती शाळेत निघाली की मी तिच्या मागे, विहिरीवर निघाली की मागे, मैत्रिणीकडे निघाली की मागे. ती कधी वळून बघायची नाही. पुढे चालता चालता नुसतं विचारायची, “शेपूट आलं का?” मी मागून “आलं” म्हणायची. मग ती चाल जरा कमी करायची. एवढंच. माझ्या सगळ्या लहानपणाकडे मागे वळून बघितलं की मला ताईची पाठ दिसते, पाठीवरची एकच घट्ट वेणी दिसते, आणि तो कमी झालेला वेग.

आई गेली ती ताईच्या घरी. शेवटची दोन वर्षं ताईनंच तिचं सगळं केलं. मी सुट्टी मिळेल तशी जायचे, म्हणजे फारशी नाहीच. आईचं जास्त झाल्याचा निरोप मला वाटेतल्या एका स्टँडवर मिळाला. गाडीत छप्पन्न माणसं. हे म्हणाले, “इथेच उतर. समोरून परतीची गाडी येईल, तिच्यात बस. लोकांना मी सांगतो.” कंडक्टरशिवाय गाडी पुढे कशी न्यायची? मी दोरी ओढली. दोन घंट्या. फेरी पुरी केली आणि मग गेले. तोवर घर झाडून झालेलं होतं, आईची खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. ताई दारातच होती. ओरडली नाही. म्हणाली, “तू नेहमी सगळं आटोपल्यावर येतेस.”

मी उलट्या पावली परतले. पुढे लग्नकार्याचे निरोप भाचीच्या मार्फत येत आणि तिच्याच मार्फत जात.

आता फोन ठेवला तेव्हा हे बुटांच्या नाड्या बांधतच होते. बस दुपारी चारला होती, ती पोचणार रात्री नऊला. ताईचं गाव सव्वादोनशे किलोमीटर.

“डबीनं जाऊ,” हे म्हणाले. “वाटेत दोनदा चार्ज करायची. दुपारी एकच्या आत पोचवतो तुला.”

“पोचेल ती?”

“ती न पोचली तर मी ढकलीन. तू घंटी दे.”

मी ठकठक केलं. आम्ही निघालो.

थंडी होती. हीटर लावला की समोरचा बॅटरीचा आकडा भराभर उतरतो, म्हणून हीटर बंद. माझ्या गुडघ्यांवर घोंगडी, यांच्या कानांना मफलर. साठच्या वर वेग नाही. ट्रक, मोटारी, एक शाळेची बससुद्धा आम्हांला मागे टाकून गेली. शाळेच्या बसचं मात्र यांना लागलं. “चालवतो कसा बघ,” म्हणाले. “खांदे बघ त्याचे.” चढावर आकडा दोन-दोननं घसरायचा आणि उतारावर एखादा परत मिळायचा. तसा एक मिळाला की हे माझ्याकडे असे बघत, जणू स्वतः राबून आणलाय.

पहिला थांबा एका लाकडी फर्निचरच्या दुकानामागे होता. तिथे तासभर गेला. मी डब्यातली पोळी दिली, यांनी ती गाडीभोवती फेऱ्या मारत खाल्ली. पंचाऐंशी टक्के होताच त्यांनी केबल काढली, मी ठकठक केलं, आणि आम्ही वेळेत होतो.

गाडीत मी मनाशी वाक्यं जुळवत होते. ताई, मला माफ कर. छे, ती म्हणेल, कशाबद्दल? ताई, त्या दिवशी छप्पन्न माणसं होती. हे तर भांडण उकरणं झालं. ताई, कशी आहेस? मरणाच्या दारात असलेल्या माणसाला हे विचारायचं? हजारो लोकांशी बोलून पोट भरलेली बाई मी, आणि मला पहिलं वाक्य सुचेना. मला दिसत होतं ते एकच. मी दारात उभी आहे, ताई मान वळवते आणि तेच म्हणते, जे अठरा वर्षांपूर्वी म्हणाली होती.

दुसरा थांबा एका रोपवाटिकेत होता. अकराला दहा कमी होते. मालकीणबाई साठीच्या आत-बाहेरच्या, हाताला माती, पायांत रबरी बूट. त्यांनीच केबल लावून दिली आणि विचारलं, “कुठवर?”

यांनी सांगितलं.

“मग बासष्ट किलोमीटर राहिलं. ऐंशीला काढा, आरामात पोचाल. ऐंशीच्या पुढे हे यंत्र पाय ओढतं. शेवटच्या वीस टक्क्यांना पहिल्या ऐंशीइतका वेळ खातं. लोक उगाच शंभर करत बसतात आणि माझा चहा संपवतात.”

चहा त्यांनी दिलाच. आम्ही कुंड्यांच्या रांगेशेजारी बाकावर बसलो. भाचीला फोन केला. ती म्हणाली, “जागी आहे. मघाशी दोन चमचे पाणी घेतलं. तुम्ही निघालाय हे सांगितलंय मी तिला.”

“काय म्हणाली?”

“खिडकी उघडायला लावली.”

बारा वाजायला वीस मिनिटं होती तेव्हा ऐंशी झाले. यांनी केबल काढली, गुंडाळून ठेवली, आत येऊन बसले. मी शेजारी बसले. पट्टा लावला. हे समोर बघत थांबले.

माझा हात मांडीवरून उठेना.

“काय गं?”

“ऐंशीच आहेत,” मी म्हणाले. “वाटेत बंद पडली तर?”

“त्या बाई म्हणाल्या ना, पुरतात.”

“त्यांना आपल्या बॅटरीचं काय माहीत? पूर्ण भरून घ्या. एकदाच काय ते.”

यांनी माझ्याकडे बघितलं. मी कुंड्यांकडे बघत होते. बसच्या आरशातून ते माझ्याकडे बघायचे तसंच बघितलं असणार. मग ते उतरले आणि केबल परत लावली.

बॅटरीची भीती मला अजिबात नव्हती. खरं ते आज लिहिते आहे. मला पहिलं वाक्य सापडायला आणखी थोडा वेळ हवा होता, आणि वेळ मागायची ती एकच जागा मला दिसली.

मालकीणबाई जाता येता बघून गेल्या. “अहो बाई, नव्वद झाले की.” मी म्हणाले, “असू दे, सवय आहे आम्हांला भरून घ्यायची.” शंभरावर आकडा गेला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मी दोनदा ठकठक केलं. वाक्य तेव्हाही सापडलेलं नव्हतं.

त्या शेवटच्या रस्त्यावर हे पहिल्यांदाच साठच्या वर गेले. ऐंशी, पंच्याऐंशी. डबी थरथरत होती. आकडा भराभर उतरत होता, आणि आम्हां दोघांपैकी कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं.

ताईच्या घरापुढे गाडी थांबली तेव्हा दीड वाजला होता. दार उघडं होतं. दारासमोर चपलांचे चार-पाच जोड. एवढ्या चपला बघितल्या आणि मला कळलं. मी उतरलेच नाही. भाची बाहेर आली, माझ्या बाजूचं दार उघडून वाकली आणि तिनं माझा हात धरला.

“एक वाजून दहा मिनिटांनी,” ती म्हणाली. “शांतपणे गेली. त्रास नाही झाला, मावशी.”

तेव्हा हे गाडीच्या पलीकडून आले. मफलर हातात काढून घेतलेला.

“माझ्यामुळे उशीर झाला,” ते भाचीला म्हणाले. “गाडीत बिघाड झाला वाटेत. तास गेला.”

“काका, असं काय करता? एवढ्या लांबून ह्या गाडीनं आलात तेच खूप.”

मी ते खोडून न काढता भाचीचा हात धरून उतरले.

आत ताईच्या खोलीची खिडकी उघडी होती. तिथून रस्ता वळणापर्यंत दिसत होता. ताई लहान दिसत होती, वेणी पातळ, पण घट्ट घातलेली. भाची माझ्या शेजारी उभी राहून हळू आवाजात सांगत होती. “बारापासून सारखी विचारत होती. मला वाटलं भ्रमात बोलते आहे. शेपूट आलं का, शेपूट आलं का. मावशी, शेपूट म्हणजे काय गं?”

मी सांगितलं.

“मग मी हो म्हणायला हवं होतं का?” भाची म्हणाली आणि रडायला लागली.

मला वाक्य शोधायची गरजच नव्हती. एकच शब्द लागणार होता, आणि तो मला चार वर्षांची असल्यापासून पाठ होता.

तीन दिवसांनी आम्ही परत निघालो. त्याच रोपवाटिकेत थांबलो. मालकीणबाई माझ्याकडे बघून, चहा ठेवून निघून गेल्या. बाक तोच, कुंड्या त्याच. ऐंशी झाले तसे यांनी केबल काढली आणि आत येऊन बसले.

“तुम्ही तिला तसं का सांगितलंत?” मी विचारलं.

“काय?”

“गाडीत बिघाड झाला म्हणून.”

“उशिराचं कारण ड्रायव्हरनंच लिहायचं असतं.”

“मी मुद्दाम थांबवलं होतं. बॅटरीसाठी नाही.”

“माहीत आहे.”

“माहीत होतं तर मग काढायची होती गाडी. का नाही काढलीत?”

यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, जणू पुढे घाट आहे.

“घंटी नव्हती झाली,” म्हणाले. आवाज अगदी बारीक. “तीन दिवस मी तेच घोकतो आहे. घंटी नव्हती झाली म्हणून काय झालं? मला दिसत होतं सगळं.”

मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले. चाळीस वर्षांत मी तो माणूस गाडीत बसून रडताना पाहिला नव्हता. भाचीला मी खरं अजून सांगितलेलं नाही. ती दर वर्षी त्या तारखेला फोन करते आणि काकांनी मनाला लावून घेऊ नये असं सांगते, आणि मी बरं म्हणते.

मी हात उचलून फळीवर ठेवला. बोटं दुमडली. ठकठक करायला काही ती उचलेनात. नुसती तिथेच पडून राहिली.

यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग माझा हात उचलून परत माझ्या मांडीवर ठेवला, आणि घंटीशिवाय गाडी काढली.